चमचे मोजले का?

ओझरला म्हातारे दोन प्रकारचे. एक द्राक्षवाले, दुसरे मिगवाले. द्राक्षवाला म्हातारा सकाळी उठला की आभाळाकडे बघतो, कारण ढग आले की त्याच्या पोटात गोळा येतो. मिगवालाही आभाळाकडेच बघतो, पण आवाज आल्यावर. "सुखोई," एवढंच म्हणतो आणि पुन्हा चहाचा कप उचलतो. तुम्ही काही विचारलेलं नसतं.

एचएएलचा विमान कारखाना इथे 1964 साली आला, मिग-21 बांधायला. आता सुखोई बांधून वर्षं लोटली, तरी गावाला चिकटलं ते मिगच. आमच्या टाउनशिपला लोक अजून 'ओझर मिग' म्हणतात आणि तिथून रिटायर झालेल्या माणसाला 'मिगवाले काका'. 2025 च्या सप्टेंबरात हवाई दलानं चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला, त्या दिवशी आमचे अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. क्वालिटीत होते. मिगवाल्यांतही ही जात निराळी. बाकीचे लोक वस्तू बनवतात आणि क्वालिटीवाला ती परत पाठवतो. रिटायर होताना इन्स्पेक्शनचा शिक्का त्यांनी ऑफिसात जमा केला, पण नजर सोबत घरी आणली. पोळी हातात घेतली की आधी उजेडाकडे धरतात. दूधवाल्याला ते माप विचारत नाहीत, माप शेवटचं कधी तपासून घेतलं ते विचारतात. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा यांच्या खिशात व्हर्नियर आहे का, ते आमच्या दादांनी बघायला हवं होतं."

आमच्या स्वयंपाकघरात आलात तर ओट्यावरच्या भिंतीकडे बघा. तिथे झारा, डाव, उलथनं, चिमटा यांच्या आकृत्या मार्करनं काढलेल्या आहेत. ज्याची आकृती त्यानं तिथेच टांगून राहायचं. जागा रिकामी दिसली की हत्यार बाहेर आहे, हे दारातूनच कळतं. कारखान्यातली पद्धत आहे ही, आणि चांगली आहे. पण रात्री अकराला पाणी प्यायला उठावं आणि अंधारात भिंतीवरून झाऱ्याचं भूत आपल्याकडे बघत असावं, याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

तर गेल्या जानेवारीतला बुधवार. सासूबाई पिंपळगावला बहिणीकडे गेलेल्या. मी नाशिकहून सुटून बसमध्ये उभी, तेवढ्यात अण्णांचा फोन. "येऊन स्वयंपाकाला लागू नकोस. आज बेक्ड पास्ता. मी करतोय. सोपं आहे."

सोपं आहेच ते. अडीचशे ग्रॅम पेने मिठाच्या पाण्यात उकडायचे, पाकिटावर लिहिलंय त्याहून दोन मिनिटं आधी उतरवायचे, कारण उरलेलं ते ओव्हनमध्ये शिजतात. दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा परतायचा, अर्धा लिटर दूध हळूहळू घालत ढवळायचं. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. सगळं काचेच्या भांड्यात, वरून किसलेलं चीज, 180 डिग्रीला वीस मिनिटं. दिवसभर राबून आलेल्या बाईनं मुलाचा गृहपाठ घेता घेता उरकावा असा पदार्थ. मी तासाभरात उरकते.

साडेसातला घरी पोचले. ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं. उकडलेल्या नळ्या चाळणीत, भाजी ताटलीत, सॉस पातेल्यात. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या आम्ही फडताळात साठवतो, त्या तारखेनुसार रांगेत लावलेल्या. अण्णा आणि माझा मुलगा हात पुसून उभे.

"झालं की सगळं! मग थांबलात कशाला?"

"तपासणी व्हायची आहे," अण्णा म्हणाले. "सॉस मी केलाय. ज्यानं काम केलं, त्यानंच ते पास करायचं नसतं. हा लहान आहे, याची सही चालत नाही. तू ये."

म्हणजे सहा वाजता तयार झालेला सॉस दीड तास माझी वाट बघत होता. खांद्यावरची पर्स न काढता मी चमच्यानं सॉस चाटला. एकही गुठळी नव्हती, खोटं कशाला बोलू. "पास," मी म्हटलं. अण्णांनी वहीत वेळ लिहिली.

या पदार्थाबद्दल त्यांचं मत बरं होण्यामागे पाकिटावरचा एक शब्द होता. ड्युरम. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. दाणा टणक, पिवळसर. रव्याला आणि शेवयांना त्याच्यासारखा दुसरा नाही. आमच्याच निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रानं बन्सीचे 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे वाण काढलेत. सासूबाई उन्हाळ्यात शेवया करतात त्या बन्सीच्याच. त्यांनी पहिल्यांदा पेने पाहिले तेव्हाच निकाल दिला होता, "शेवयाच आहेत, जाड्या नि पोकळ." अण्णांना मात्र ते पाकिटावर छापून आल्यावर पटलं.

कुंदेवाडीचं नाव तुम्हीही पेपरात वाचलं असेल. थंडीत 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, ती तिथल्याच तापमापकावरची. अण्णांचा त्या एका तापमापकावर विश्वास आहे. आमच्या ओव्हनच्या बटणावर मुळीच नाही. बटण 180 वर फिरवलं की आत 165 च असतं, हे त्यांनी आत वेगळा तापमापक ठेवून सिद्ध केलंय आणि ओव्हनवर तशी चिठ्ठीही डकवली आहे.

भांड्यात थर लावताना त्यांनी नातवाला मिग-21 समजावलं. इंजिन कोरापूटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून, सांगाडा ओझरचा, आणि सगळं जोडायचं आपण. "तसंच हे. दूध गावातलं, चीज गुजरातचं, गहू कुठला का असेना, जोडणी ओझरची." मुलानं मान हलवली आणि चीजचा कीस तोंडात टाकला.

आठ वाजून दहा मिनिटांनी ओव्हन तापला. मी भांडं उचललं. अण्णांनी हात वर केला.

"थांब. चमचे मोजले का?"

विमानाचं झाकण बंद करण्याआधी हत्यारं मोजतात. एखादा पाना आत राहिला, तर वर गेल्यावर तो कशात जाऊन अडकेल याचा नेम नसतो, आणि खाली येणारं विमान असतं आणि माणूसही. यात हसण्यासारखं काही नाही आणि मी कधी हसलेही नाही. पण आमचं भांडं ओट्यावरून फार तर टेबलावर जाणार होतं.

चमचे सहा. भरले पाच.

सिंक पाहिलं, खण उपसले, कचऱ्याचा डबा पालथा केला, मुलाचं दप्तर झाडलं. त्यात मागच्या वर्षीचं खोडरबर सापडलं. मग अण्णांनी निर्णय घेतला की भांडं उघडायचं. चीजचा थर काट्यानं बाजूला झाला, नळ्या एकेक करून परातीत आल्या. त्याच वेळी माझे यजमान अंबडहून कंपनीतून आले, दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "अण्णा, अंगठी पडली का?"

भांड्यातही चमचा नव्हता. पावणेनऊला अण्णांनी पिंपळगावला फोन लावला. स्पीकरवर.

"आपला एक चमचा कमी भरतोय. चौथा. दांड्यावर ओरखडा आहे तो."

"इथे आहे," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "ताईसाठी लोणचं आणलं, त्या बरणीत राहिला. तुम्ही जेवलात का?"

"चमचा सापडला," अण्णांनी आम्हाला सांगितलं आणि फोन ठेवला.

(लोणच्याच्या बरणीत चमचा ठेवू नये, हे मला लग्नापासून शिकवणाऱ्या सासूबाई त्या ह्याच. ही गोष्ट मी जपून ठेवली आहे.)

नळ्या परत आत गेल्या, चीज वर आलं, वीस मिनिटांऐवजी चिठ्ठीप्रमाणे पंचवीस मिनिटं झाली. साडेनऊला भांडं बाहेर निघालं, सोनेरी, कडेनं बुडबुडत. फक्त एका कोपऱ्यात दोन बोटं काळं. अण्णा वाकून बघत राहिले. मला पुढचं वाक्य कळलं होतं.

"हा कोपरा रिजेक्ट."

"कन्सेशनवर सोडा," यजमान म्हणाले. मिगवाल्याचा मुलगा आहे. दोष असला पण कामाला बाधा नसली, तर रीतसर लिहून तो भाग पास करता येतो, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. अण्णांनी वहीत लिहिलं: कोपरा काळा, चव तपासून मान्य. खाली माझी सही घेतली. सही करेपर्यंत कोपरा मुलानं खाऊन टाकला होता.

चवीचं म्हणाल तर नळ्या तीन तास ताटकळून जराशा फुगल्या होत्या, पण सॉस असा की बोटानं निपटून खावा. भांडं रिकामं झालं. घासताना मी सवयीनं चमचे मोजले. पाच.

तुमच्या ओळखीत असे कोणी मिगवाले काका असतील आणि त्यांनी बुधवारी पास्त्याला बोलावलं, तर जरूर जा. निघण्याआधी घरी दोन घास खाऊन घ्या. आणि कृपा करून स्वतःचा चमचा नेऊ नका, एक जास्त भरला तर अजून उशीर होतो.