फेरेटच्या पानात काय वाढायचं?

माणसाने पाळलेल्या प्राण्यांत फेरेटइतकी पोटाची थट्टा क्वचितच कुणाची झाली असेल. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला हा लांबुळका, मऊ आणि अखंड उचापती जीव. आपल्या खाड्यांमधलं पाणमांजर त्याच्याच कुळातलं. मुंगसाशी मात्र दिसण्यापलीकडे त्याचं नातं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलं आहे की बॅलेरिक बेटांवर सशांनी एवढा उच्छाद मांडला होता, की तिथल्या रहिवाशांनी रोमकडे माणसं पाठवून राहायला दुसरी जागा मागितली. या सशांवर उतारा म्हणून तिकडचे लोक एक चपळ प्राणी पाळत आणि त्याच्या तोंडाला मुसकं बांधून त्याला बिळात सोडत. तो प्राणी फेरेटच असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे शिकार याने करायची आणि मेजवानी मालकाने झोडायची. पुढे ब्रिटनमधल्या ससेपकड्यांनी मुसकं काढून पानात काय वाढलं, तर दुधात कुस्करलेला पाव! त्यावर बिचाऱ्याला हगवण लागे, आणि ती त्याच्या नाजूक प्रकृतीच्या खात्यावर मांडली जाई. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या दुकानांनी पिशवीतल्या कोरड्या गोळ्या आणल्या. आता हौशी पालकांची एक पिढी म्हणते आहे की पुरे झालं, फेरेटला कच्चं मांस द्या. हे म्हणणं मला अर्धं पटतं. मांसाबद्दल वाद नाही. पण ‘संतुलित कच्चं मांस’ या तीन शब्दांतला जो शब्द सगळे घाईघाईने ओलांडून जातात, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी मांसाचं पाहू, कारण तिथे खुद्द फेरेटच्या आतड्याची साक्ष काढता येते. वनस्पती आंबवून पचवायला लागणारी अंधांत्राची पिशवीच त्याला नाही. मोठ्या फेरेटने खाल्लेलं अन्न तीन-चार तासांत दुसऱ्या टोकाला पोचतं. एवढ्या वेळात कोंड्याशी ओळख वाढवायला सवड कुणाला? त्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळून, 30 ते 40 टक्के प्रथिनं आणि निदान 15 ते 20 टक्के चरबी हवी, चोथा अगदी नावापुरता. यावर कुत्र्याचं उदाहरण हमखास पुढे येतं. तोही मुळात मांसाहारी, मग भाकरतुकड्यावर पिढ्यान् पिढ्या कसा जगला? जगला, कारण माणसाच्या उकिरड्यावर वाढता वाढता तो आतून बदलला. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं. फेरेटची नेमणूक बिळावर झाली होती, उकिरड्यावर नाही. गोळ्यांची अडचण तर त्यांच्या घडणीतच आहे. यंत्रातून दाबून काढलेल्या गोळीला फुलायला आणि आकार धरायला पिष्ट लागतं. मका, तांदूळ, बटाटा किंवा वाटाणा यांपैकी कुणीतरी कामावर आल्याशिवाय पिशवीचा तो आश्वासक खुळखुळाट होत नाही. पिशवीवर ‘धान्यविरहित’ असं छापलं असेल तर आत बहुधा वाटाणा असतो, आणि वाटाणा हा काही उंदराचा सख्खा भाऊ नव्हे.

इथे गोळीपक्ष विचारतो, की लाखो फेरेट या गोळ्यांवरच जगतात, त्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. कच्चापक्षाचं त्यावरचं उत्तर म्हणजे इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ होते, रक्तातली साखर उतरते, मागचे पाय लटपटतात, तोंडाला लाळ सुटते. अमेरिकेतल्या मध्यमवयीन फेरेटमध्ये हा आजार फार दिसतो. उंदीर-ससे पचवण्यासाठी बनलेल्या स्वादुपिंडाला जन्मभर पिष्टाचा मारा सोसावा लागला तर ते बिघडणारच, हा तर्क ऐकायला पटतो. परंतु पटलेला तर्क आणि सिद्ध झालेली गोष्ट यांच्यात जे अंतर असतं, ते उत्साहाने कापलं जात नाही. अमेरिकेतले पुष्कळ फेरेट मोजक्या मोठ्या पैदास केंद्रांतून येतात, अगदी कोवळ्या वयात त्यांची नसबंदी होते, आणि डॉक्टरकडे त्यांच्या वाऱ्याही जास्त होतात, त्यामुळे आजार सापडतातही जास्त. एवढे संशयित रांगेत उभे असताना एकट्या गोळीला फाशी देणं न्यायाला धरून नाही. फार तर एवढं म्हणता येईल, की गोळी ही फेरेटच्या शरीराशी केलेली तडजोड आहे आणि चांगल्या मांसाहाराने ती टाळता येते. ‘चांगल्या’ म्हणजे कशा, हा पुढचा प्रश्न.

त्या प्रश्नावर कच्चापक्षाचं एकच ठेवणीतलं अस्त्र असतं, ते म्हणजे निसर्ग. रानात कोण गोळ्या खातं, असं ते विचारतात. पण रानात चिकनच्या दुकानातलं बोनलेस तरी कोण खातं? पोलकॅट ससा किंवा बेडूक खातो तेव्हा मांसाबरोबर हाडं, कलेजी, हृदय, कातडी असं सगळं बिल एकरकमी चुकतं होतं. नुसत्या मांसात एक भाग कॅल्शियमला पंधरा-वीस भाग फॉस्फरस असतो. प्राण्याला हवं असतं ते कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त. ही तूट भरून काढायला शरीर स्वतःच्याच हाडांतून उचल घेत राहतं, आणि एके दिवशी हाडं वाकतात नाहीतर मोडतात. म्हणून जाणकारांचा हिशेब साधारण असा असतो: 70 ते 80 टक्के मांस, त्यात टॉरिन या पोषकद्रव्यासाठी हृदय भरपूर, 10 ते 15 टक्के चावून खाता येतील अशी कच्ची हाडं, कारण शिजवलेलं हाड टोकदार फुटतं, उरलेले 10 ते 15 टक्के अवयव, त्यातली निम्मी कलेजी. फेरेटला कलेजी आवडते म्हणून वाटीभर वाढली तर अ जीवनसत्त्व अंगात साचून उपकाराचा अपकार होतो. ‘कच्चं ते पौष्टिक’ या श्रद्धेचं उत्तर तर 1932 मध्येच मिळालं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांचा कोल्हे पाळण्याचा व्यवसाय होता. तिथले कच्चा कार्प मासा खाणारे कोल्हे लुळे पडून मरू लागले. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. त्यातलं एक विकर थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, नष्ट करतं, हे नंतर उलगडलं, आणि तो विकार आजही चॅस्टेकच्याच नावाने ओळखला जातो. निसर्गाच्या नावाने पान वाढणाऱ्याने वजनकाटाही जवळ ठेवावा, एवढाच याचा बोध.

समजा, हिशेब जमला, काटा आला, बशी सजली. आता फेरेट ती हुंगतो आणि पाठ फिरवून गोळ्यांच्या वाटीकडे जातो. दोन हजार वर्षांच्या अन्यायाचं परिमार्जन करायला निघालेल्या मालकाचा इथे मोठा तेजोभंग होतो. पण यामागे हट्टापेक्षा घडण जास्त आहे. जर्मन संशोधक आपफेलबाख यांनी 1978 मध्ये दाखवलं, की पिल्लू असताना आयुष्याच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास फेरेटच्या नाकावर ज्या भक्ष्याचा वास ठसतो, तेच त्याला पुढे अन्न वाटतं. न ठसलेला वास म्हणजे अन्नच नव्हे. आईच्या हातच्या आमटीवर वाढलेल्याला पन्नाशीतही दुसऱ्या घरची आमटी जशी ‘बरी आहे’ एवढीच वाटते, तसंच हे. म्हणून बदल नाकाच्या गतीने करावा लागतो. खिमा कोमट पाण्यात घोटून पातळ सूप करायचं, बोटाला लावून चाटवायचं, मग ओल्या केलेल्या गोळ्यांत चमचाभर मिसळायचं. पुढे सूप वाढवत, गोळ्या घटवत खिम्यावर यायचं, त्यानंतर तुकड्यांवर, शेवटी हाडावर. एका वेळी एकाच प्राण्याचं मांस आणायचं, म्हणजे पोट बिघडलं तर आरोपी सापडतो. याला आठवडे लागतात, कधी महिने. ‘भूक लागली की खाईल झक्कत’ असं म्हणणारा इथेही भेटतोच. हा उपाय माणसाच्या पोरांवर चालतो की नाही ते त्यांच्या आज्यांना विचारावं. फेरेटवर तो धोक्याचा आहे. इतक्या झटपट पोट रिकामं होणाऱ्या प्राण्याची साखर उपासाने उतरते, आणि आत इन्सुलिनोमा दडलेला असेल तर तत्त्वाग्रहाची किंमत त्याला झटके येऊन मोजावी लागते. वयस्क किंवा आजारी फेरेटच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय वाटी बदलूच नये.

सर्वांत वजनदार आक्षेप जंतूंचा, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस घालू नये, अशी भूमिका अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2012 मध्येच घेतली. साल्मोनेला, लिस्टेरिया यांना घरचा फ्रीझर मारत नाही, नुसता झोपवतो. त्यातून फेरेटचा स्वभाव साठेबाजाचा. पानात वाढलेला कोंबडीचा पंख तो सोफ्याखाली, गादीत, बुटात अशा सुरक्षित ठिकाणी ठेव म्हणून जमा करतो आणि विसरतो. घराला मात्र तिसऱ्या दिवशी आठवण होते. म्हणून जेवण पिंजऱ्यातच, उरलेलं लगेच उचलायचं, सुरी आणि पाट वेगळे, आणि घरात तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती खचलेलं माणूस असेल तर हा प्रयोगच नको. फ्लूचं तर विशेष. 1933 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटच्या जिवावर, कारण माणसाचा फ्लू त्याला सहज लागतो. आणि 2024 च्या अखेरीस अमेरिकेत बर्ड फ्लूचा विषाणू असलेलं टर्कीचं कच्चं खाद्य खाऊन मांजर दगावलं, ते खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. पक्ष्यांत साथ चालू असताना फेरेटपुढे कच्ची कोंबडी ठेवणं म्हणजे निसर्गप्रेम नव्हे. तेव्हा मांस शिजवून, हाडाऐवजी कॅल्शियमची पूड आणि जोडीला टॉरिन पशुवैद्याच्या सल्ल्याने मोजून घातलं तरी फेरेटच्या आतड्याची तक्रार नसते. ‘कच्चं’ या शब्दावर घासाघीस चालते, ‘संतुलित’ या शब्दावर चालत नाही.

राहिला तो दयेचा आक्षेप. अमेरिकेत-युरोपात स्थायिक झालेल्या एखाद्या शाकाहारी मराठी घरात मुलांच्या हट्टापायी फेरेट येतो, आणि ज्या फ्रीजमध्ये आजवर अंडंही शिरलेलं नाही तिथे कलेजीचा डबा कसा ठेवायचा, हा पेच पडतो. पेच खरा आहे, मात्र तो फेरेट आणण्याआधी सोडवायचा असतो. माणसाला शाकाहार निवडता येतो, कारण त्याचं आतडं त्याला ती मुभा देतं. आपलं पुण्य दुसऱ्याच्या पोटातून वसूल करता येत नाही. अशा घरासाठी मांसाचं प्रमाण चांगलं असलेल्या गोळ्या हा सभ्य मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट कच्च्या मांसापेक्षा पुरती गोळी केव्हाही बरी, कारण गोळीवाल्याने निदान कॅल्शियम मोजलेलं असतं. ज्याच्याकडे काटा, वेगळी सुरी आणि महिनोन् महिने पुरेल एवढा धीर आहे त्याने खुशाल मांसाकडे वळावं. बाकीच्यांनी पिशवीवरचा मजकूर नीट वाचून घ्यावा. फेरेटचं आयुष्य सरासरी 6 ते 8 वर्षांचं. त्यातली दोन वर्षं मालकाच्या तत्त्वज्ञानावर उधळावीत इतकी काही ती जास्त नाहीत.