कॅडवाला

गडहिंग्लजात बंगला बांधायचा ठरला की मालक आर्किटेक्ट पुण्याचा धरतो, कारण मेहुण्याचा पुण्याचाच होता. आरसीसीचं डिझाइन कोल्हापूरचे इंजिनिअर करतात. फर्निचरची चित्रं बेळगावात शिकणारी पुतणी काढते. या सगळ्यांच्या फायली जिथं एकत्र येतात, त्या गाळ्याबाहेर पाटी असते: 'प्लॅन, इस्टिमेट, थ्रीडी, झेरॉक्स'. आत कॅडवाला बसतो. त्याचं घर मुख्यतः झेरॉक्सवर चालतं.

पुणेकर सर रेव्हिटमध्ये, इंजिनिअर ईटॅब्समध्ये, पुतणी स्केचअपमध्ये. मंजुरीला ऑटोकॅडचा नकाशा, तोही ठरवून दिलेल्या लेयरांत. भिंत भलत्या लेयरमध्ये राहिली तर तपासणाऱ्या संगणकाच्या लेखी ती भिंतच नव्हे. त्यात रेव्हिटची खोड अशी, की नव्या व्हर्जनमधली फाईल जुन्यात उघडत नाही आणि जुन्यात सेव्हही करता येत नाही. सर दरवर्षी नवं घेतात, कॅडवाला जुन्यावरच आहे. "जरा मागच्या व्हर्जनमध्ये द्या की, सर." "होत नाही हो." दोघंही खरं बोलतात आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नाही.

यावर जगानं आयएफसी नावाची खुली फाईल काढली आहे, कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता यावी अशी. 2013 पासून ते आयएसओचं पूर्ण मानक आहे, क्रमांक 16739. कॅडवाला गिऱ्हाइकाला आधी हा क्रमांक ऐकवतो, मग दर सांगतो. पण आयएफसीतून आलेली भिंत लग्नातल्या व्याह्यासारखी असते: समोर दिसते, हलवायची सोय नाही.

खरी गंमत मॉडेलं एकावर एक ठेवल्यावर. शून्य बिंदू ज्याचा त्याचा वेगळा. इंजिनिअरांचे कॉलम हिरण्यकेशीच्या पात्रात उभे राहतात आणि पुतणीचा सोफा कर्नाटकात निघून जातो. (आमच्या सीमाभागात ही चूक कुणी हलक्यानं घेत नाही.) एकक न बघता फाईल ओढली तर मास्टर बेडरूम काडेपेटीएवढी होते. मराठी अक्षरं फॉन्टअभावी उडतात, आणि देवघरावर नुसती प्रश्नचिन्हं बघून मालक हबकतो.

कॅडवाला मात्र हबकत नाही. पुण्याला तो 'सर' म्हणतो, कोल्हापूरला 'साहेब', पुतणीला 'ताई' आणि मेस्त्रीला 'मामा'. एकाची चूक दुसऱ्याला कधी सांगत नाही. सरांच्या जिन्यात डोकं आपटतंय? "सॉफ्टवेअरनं उंची खाल्ली वो." ताई बाथरूमला दार द्यायला विसरल्या? "कन्व्हर्ट करताना गेलं बघा." साहेबांचा कॉलम थेट हॉलच्या मधोमध? तोही सॉफ्टवेअरच्याच खात्यावर. अशानं सगळ्यांची अब्रू राहते आणि बांधकाम पुढं सरकतं. ही सॉफ्टवेअरं उद्या एकमेकांशी सरळ बोलायला लागली, तर पहिल्या आठवड्यातच चौघांची भांडणं लागतील, असं माझं मत आहे.

मामांचं सॉफ्टवेअर म्हणजे ओळंबा, गुण्या आणि लाईनदोरी. ते प्रिंट उलटी करतात, पाठीमागं पेन्सिलीनं 'नवाची भिंत, दार आठ इंच सरकवलं' असं लिहितात आणि कामाला लागतात. कॅडवाला त्या पाठीचा फोटो पुण्याला पाठवतो. सर दोन दिवसांनी तसं मॉडेल करून धाडतात, खाली सूचना: 'याप्रमाणेच काम व्हावे.' तोवर लिंटल पडून गेलेली असते.

वास्तुशांतीच्या पत्रिकेवर आर्किटेक्ट, इंजिनिअर, कंत्राटदार, सगळ्यांची नावं असतात. कॅडवाल्याचं नसतं, जरी पत्रिका कोरलमध्ये त्यानंच बसवलेली असते. प्रेसवाला म्हणतो, "आमच्याकडं जुनं हाय, मागच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून दे." कोरलमध्ये ते होतं. कॅडवाला लगेच देतो, आणि त्याचे वेगळे वीस रुपये लावतो.