वीस मायक्रॉन

पुतणीच्या साखरपुड्यात अंगठी बोटाच्या पेरावर अडली. गुरुजी थांबले, फोटोग्राफर थांबला, विहीणबाईंच्या चेहऱ्यावर ‘आम्ही तर माप नीट दिलं होतं’ असं स्पष्ट उमटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात पुढे आला. हातात व्हर्नियर.

“वीस मायक्रॉनचा मामला आहे,” मायक्रॉनकाका म्हणाले. “अंगठी एसीत गार पडलीय. चहात बुडवा.”

हे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत आहेतच. पार्किंगच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली जुनी गाडी, तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि “आता एकच पार्ट राहिलाय” हे गेली सहा वर्षं न बदललेलं वाक्य. तुमच्याकडे गाडी वेगळी असेल, पाय तेच.

आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला फियाट म्हटलेलं चालतं, खटारा म्हटलेलं चालत नाही. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५. हे आकडे ते अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं घरच्या मुलीची पत्रिकाच वाचून दाखवताहेत. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर स्पेअर पार्टची ददात नव्हती. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी काकांनी सकाळचा चहा घेतला नाही. घेतला नाही म्हणजे आमच्याकडे घेतला नाही. सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून.

राहिलेला एकच पार्ट म्हणजे एल्बो. इंजिनाच्या हेडमधून गरम पाणी रेडिएटरकडे नेणारी, मुठीत मावेल एवढी कोपरी. आधीच्या मालकानं कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. त्या पाण्यानं एल्बो अशी खाल्ली होती, की वाळवी लागलेली चौकट बरी. कुर्ल्याच्या भंगारात जुनी एल्बो किरकोळ पैशात मिळत होती. काकांनी ती हातात घेतली, व्हर्नियर लावला आणि परत ठेवली. कारण तुम्हाला कळलंच असेल. वीस मायक्रॉन.

मग त्यांनी स्वतःच एल्बो करायला घेतली. ६०६१ ॲल्युमिनियमचा अडीच किलोचा ठोकळा आणला आणि भोसरीत पूर्वीच्या हाताखालच्या पोराच्या वर्कशॉपमध्ये, रात्री रिकाम्या पडलेल्या लेथवर चढवला. पोरगा म्हणाला, “काका, ड्रॉइंग द्या, सीएनसीवर अर्ध्या तासात काढून देतो.” काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं किल्ली दिली आणि तो घरी गेला.

ॲल्युमिनियम मऊ असतं म्हणून सोपं, असं आपल्याला वाटतं. ते टूलच्या टोकाला चिकटतं आणि मग जॉब गुळगुळीत होण्याऐवजी ओरबाडल्यासारखा दिसतो. उपाय रॉकेल. बारीक धार सोडत राहायची. “रेशनचं रॉकेल बंद झालं,” काकू म्हणाल्या, “पण आमच्या घरातला वास काही गेला नाही.” ठोकळ्यातून शेवटी एल्बो उरते ती तीनशे ग्रॅमची. बाकीचा सगळा कीस. त्यातला थोडा काकूंना तांदळात सापडतो.

पहिली एल्बो वाया गेली. काकांनी ती लेथवरून उतरवल्या उतरवल्या मोजली, माप बरोबर आलं, सकाळी पाहिलं तर लहान. शंभर मिलिमीटरचं ॲल्युमिनियम दहा अंशांनी तापलं, की तेवीस मायक्रॉन वाढतं. बिडाचं ओतीव लोखंड त्याच्या निम्म्यानंच. “तापलेला जॉब आणि तापलेला माणूस, दोघांचं माप लगेच घेऊ नये,” असं काका तेव्हापासून म्हणतात. घराघरातली भांडणं मिटवायला हे वाक्य बरं आहे. काकू मात्र म्हणतात, यांचं माप मी चाळीस वर्षांपूर्वीच घेतलंय.

आता मापाचं प्रमाण तापमान जगभर वीस अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये भोसरीत वीस अंश कुठून आणायचे? माझ्या बेडरूममध्ये एसी आहे, हे काकांना माहीत होतं. एका रात्री फडक्यात गुंडाळलेली दुसरी एल्बो घेऊन ते दारात उभे. “काय लेखक, आजची रात्र हिला तुमच्याकडे झोपवा. वीसवर ठेवा.” आम्ही दोघं रात्रभर रजईत कुडकुडलो. पहाटे साडेपाचला काका व्हर्नियर घेऊन हजर. मोजलं. पुन्हा मोजलं. चेहरा पडला. मी विचारायच्या आत बायकोनं पांघरुणातूनच सांगितलं, “वीस मायक्रॉन.”

नंतर एका इंजिनिअर भाच्यानं मला सांगितलं, की साध्या व्हर्नियरवर त्याहून लहान माप दिसतच नाही. म्हणजे जगातली कुठलीही वस्तू काकांना खटकली, की ती कमीत कमी वीस मायक्रॉननंच खटकणार! हातात सापडलं म्हणून मी ते काकांना जोरात ऐकवलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, “चौतीस वर्षं एकच बुश केला, लेखक. तीन पाळ्यांत. टॉलरन्स वीस मायक्रॉन. एकदा साहेबांना विचारलं, हा लागतो कुठे? ते म्हणाले, तुला काय करायचंय, ड्रॉइंग बघ. ड्रॉइंगवर नुसता नंबर.” मग थोडं थांबून म्हणाले, “लाखभर तरी केले असतील. त्यातला एक कुठल्या गाडीत बसला ते पाहिलं नाही. रस्त्यावरून गाडी गेली, की वाटतं, हिच्यात असेल.”

मी एसीचं बिल मागणार होतो. मागितलं नाही.

तिसरी एल्बो जमली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी गोळा झाली. काकूंनी नारळ आणला. काकांनी स्टिअरिंगवरचा गिअर टाकला आणि पद्मिनी खोकत, धूर सोडत गेटपर्यंत गेली. तिथे बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. वॉचमन पळाला, पोरं ओरडली, मी पाण्याची बादली आणली. जुना रबरी पाइप फाटला होता.

काकांनी बॉनेट उघडलं. वाफेत हात घातला, पोळला, तरी काढला नाही. मग माझा हात धरून नव्या एल्बोपाशी नेला. “बोट फिरवा. थेंब लागतोय का?”

नव्हता लागत. आम्ही चौघांनी गाडी ढकलत परत जागेवर आणली. काका मागे चालत होते, वरात पुढे गेल्यावर सावकाश चालणाऱ्या मुलीच्या बापासारखे.

आता रबराचा पाइप राहिलाय. फक्त एकच पार्ट. गाडी गेटच्या पुढे अजून गेलेली नाही. एल्बो मात्र कोरडी आहे.