नागपुरी कूलर, डोंबिवलीची हवा

विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्याविषयी बोलायचा जन्मसिद्ध हक्क असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो. त्यामुळे डोंबिवलीत 34 अंशांना 'मेलो मेलो' करणाऱ्यांची मला कीव यायची. शेजारच्या काकांनी एसी बसवला, तेव्हा मी त्यांना गॅलरीत गाठून विजेचं बिल, कोंदट हवा आणि सांधेदुखी यांवर व्याख्यान झोडलं. "त्यापेक्षा कूलर घ्या काका. वाळ्याच्या ताट्या लावा. रात्री गोधडी शोधाल!"

"आधी तुम्ही घ्या," काका म्हणाले.

झालं. नागपूरहून ट्रकने पत्र्याचा कूलर आला. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून हमालांनी तो जिन्याने चढवला आणि प्रत्येक मजल्यावर माझ्या कुळाची विचारपूस केली. नागपुरात कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो. इथे खिडकीबाहेर थेट चौथ्या मजल्याची उंची, म्हणून त्याला हॉलमध्ये मानाचं स्थान दिलं. गारवा बाहेर जाऊन वाया जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

सुरुवातीला स्वर्ग होता. पंपाची घुळघुळ, ओल्या वाळ्याचा वास. मी बनियनवर बसून बायकोकडे विजयी मुद्रेने पाहत होतो. तासाभरात बनियन पाठीला चिकटलं. मी पंख्याचा वेग वाढवला, टाकीत बर्फ टाकला. घाम वाढतच गेला. बायकोने डब्यातून भाजलेला पापड काढला, तो रुमालासारखा दुमडून दाखवला आणि काही न बोलता परत ठेवला. आमच्या घरात हा निषेधाचा शेवटचा टप्पा समजतात.

कोडं उलगडलं ते सातवीतल्या चिरंजीवांनी. त्यांनी दोन तापमापक आणले आणि एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं. फडक्यातलं पाणी वाफ होताना उष्णता खेचून घेतं, म्हणून ओल्याचा पारा कोरड्यापेक्षा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा, आणि कूलर फार तर त्या ओल्या पाऱ्यापर्यंत हवा गार करू शकतो. नागपूरच्या कडक दुपारी हा फरक 20 अंशांचा असू शकतो. डोंबिवलीची हवा खाडीचं पाणी पिऊन आधीच तुडुंब. तिथे फरक पाच-सहाचा. आमच्या हॉलमध्ये मात्र दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवत होते.

"बाबा, शंभर टक्के!" चिरंजीव ओरडले. माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी आजवर इतके मार्क दिले नव्हते.

गंमत म्हणजे माणसाचं शरीर हाही एक कूलरच. घाम वाळला तरच आपण गार होतो. इथे वाळायला जागाच उरली नव्हती. ज्या एसीला मी नावं ठेवली, त्याचा जन्मही दमटपणातून झालेला. 1902 साली विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. ही माहिती मी ज्या पुस्तकात वाचली, तेही तोवर चांगलं फुगलं होतं.

आईला फोन केला. "अरे बापा, खिडकी उघडी ठेवली होती ना? एकीकडून हवा आत यावं लागते, दुसरीकडून बाहेर जावं लागते. हे तं शेंबडं पोरगंही सांगते!" मी विषय बदलून आंब्यांची चौकशी केली.

पुढे पालिकेच्या बाई बॅटरी घेऊन आल्या. टाकीत डोकावून त्यांनी मला आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूच्या डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. टाकी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून, घासून कोरडी करायची असते. मी ती रोज नेमाने वर भरत होतो. गोधडी शोधायची वेळ आली असेल, तर ती फक्त डासांवर.

आता कूलर परत पाठवावा, तर भाडं त्याच्या किमतीला भिडतं. बायकोने टाकी कोरडी केली, पंप काढला, ताट्या माळ्यावर टाकल्या. पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळत नाहीत, तेव्हा खिडकी सताड उघडून ती तो नुसत्या पंख्यावर दोरीकडे तोंड करून लावते. जीन्ससुद्धा रात्रीत वाळते. परवा काका येऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. जाताना म्हणाले, "आमच्या दोन चादरी आहेत, लावाल का?"