चारच्या वर गुण, अभिनंदन!

म्हाताऱ्यांच्या हृदयाचं भविष्य सांगणाऱ्यांची सध्या चलती आहे. वय, रक्तदाब, शुगर, किडनीचे आकडे भरा. डाव्या कप्प्याचा आकार बिघडायची शक्यता किती, ते संगणक सांगतो. एकाच देहात तीन-चार जुनाट दुखणी नांदत असली की हे गणित अडतं, म्हणून नवनवी गणितं निघतात. निघू देत. त्यांना फक्त एकदा सुरत-भुसावळ मार्गाने खांडबाऱ्याला उतरवा.

इथे हे काम आशाताईच्या फॉर्मवर चालतं. त्याचं नाव सीबॅक. तंबाखू खाता का? घरात कुणाला बीपी, शुगर? कमरेचा घेर? आठवड्यात किमान 150 मिनिटं व्यायाम होतो का? शेवटचा प्रश्न ज्या आजीला विचारायचा, ती सकाळपासून भाताच्या चिखलात वाकलेली असते. तेव्हा व्यायामाला शून्य. बाईची कंबर 80 सेंटीमीटरपर्यंत असली की तिथेही शून्य. एकूण गुण चारच्या वर गेले तरच तपासणीत आधी नंबर. जन्मभर राबून, अर्धपोटी राहून आजी नापास!

चुलीत लाकूड जाळता की गोवऱ्या, हेही फॉर्म विचारतो. पण त्याला गुण नाहीत. बीपीने डावा कप्पा जाडावतो, झटका येऊन गेला तर भिंत पातळ होऊन फुगते, आणि धुराने फुप्फुसं गेली की उजव्या कप्प्यावर भार येतो. तिन्ही एकाच आजीत असू शकतात. वर सिकलसेल. त्यातल्या कायमच्या रक्तक्षयाने हृदयाला जादा रक्त ढकलावं लागतं आणि ते मोठं होत जातं. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 2023 मध्ये सुरू झाली. तपासणीचं वय ठरलं शून्य ते 40. तो आजार अंगावर घेऊन ज्यांनी साठी गाठली, त्यांनी बहुधा शिस्तभंग केला असावा.

जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे धोक्याचे तक्ते तर 74 व्या वर्षीच थांबतात. पंचाहत्तरी झाली की धोका टळला म्हणायचा! अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने 1948 पासून आपली हृदयं मोजू दिली, त्यावर जगभरचे बरेच अंदाज उभे राहिले. भाताच्या चिखलातल्या हृदयालाही पुष्कळदा तेच माप.

सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून पाच लाखांचं वय वंदना कार्ड मिळतं. उत्तम योजना. अट एवढीच, की दवाखान्यात भरती व्हावं लागतं. नुसता दम लागतोय, पाय सुजलेत, इको काढून बघू म्हटलं तर कार्ड पिशवीतच राहतं. हृदय आधी नीट फुगू द्यावं, मग यावं.

गंमत अशी की उपाय महागडा नाही. हायवेट नावाच्या चाचणीत ऐंशीपुढच्यांना बीपीच्या साध्या गोळ्या दिल्या. हृदय निकामी होण्याचं प्रमाण 64 टक्क्यांनी घटलं. हे 2008 सालचं. त्यासाठी संगणक लागला नव्हता. बीपीचा पट्टा आणि रोजची गोळी पुरली.

ती गोळी महिन्याची मिळते. ऊसतोड मात्र महिनोन्‌महिने चालते, आणि लेक-सून कोयते घेऊन बारडोलीकडे निघाली की नातवंडं सांभाळायला आजीही जाते. दुसऱ्या महिन्याची गोळी तिला फडावर कोण देणार, याचा रकाना सीबॅकमध्येही नाही आणि संगणकातही नाही.