सात वेळा सांगितलं तरी

भर मे महिन्यात सोलापूर, विजापूर आणि बदामी असा दौरा आखणाऱ्या माणसाची एक तर तिकडे सासुरवाडी असते, नाहीतर त्याने नुकताच एखादा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. मी केला होता. मंदिर स्थापत्य परिचय : दहा रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, मध्ये चहा आणि दोन बिस्किटं. शेवटच्या रविवारी प्रमाणपत्र मिळालं. ते मी लॅमिनेट करून घेतलं.

त्या दिवसापासून कुठलीही इमारत मला नुसती बघता येईना. आमच्या सोसायटीच्या जोत्याला मी अधिष्ठान म्हणू लागलो. लिफ्टसमोरची अंधारी जागा म्हणजे अंतराळ. गच्चीवरून गळणारा पाइप म्हणजे प्रणाल. वॉचमनला द्वारपाल म्हणालो तेव्हा तो खूश झाला आणि मग या पदाला पगार किती जास्त असतो ते विचारू लागला. शिवाय मला एक वाक्य सापडलं होतं : ‘दगड बोलतात हो, ऐकणारा कान हवा.’ मुळात ते कुणाचं आहे कोण जाणे. महिनाभर वापरल्यावर ते माझंच आहे अशी माझी खात्री पटली होती.

हे वाक्य मी टाकलं की बायको माझ्याकडे विशिष्ट नजरेने बघायची. मी ते कौतुक समजत असे.

त्या नजरेमागे दोन वर्षांचा वाद होता. बायकोचं म्हणणं, मला कमी ऐकू येतं. माझं म्हणणं, ती पुटपुटते. पुरावा म्हणून ती टीव्हीच्या आवाजाचा आकडा दाखवायची. मी म्हणायचो, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. बँकेतली मुलगी, रिक्षावाला, आमची नात असे सगळेच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत होते. अख्ख्या पिढीचे उच्चार बिघडले असताना माझ्या एकट्याच्या कानांना दोष देणं मला पटत नव्हतं.

पहिला मुक्काम सोलापूरला, कॉलेजच्या होस्टेलमधल्या जुन्या मित्राकडे. बूट काढून पाणी प्यायलो, तोच तो म्हणाला, “चला, आधी घर दाखवतो.”

घर दाखवणे या मराठी विधीबद्दल आमच्या अभ्यासक्रमात चकार शब्द नव्हता. प्रदक्षिणेसारखाच त्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी हॉल, जिथे आपण बसलेलोच असतो, तरी तो पुन्हा दाखवतात. मग स्वयंपाकघर. तिथे ग्रॅनाइटच्या ओट्यावर हात फिरवून “हा काळा बरा, डाग दिसत नाहीत” असं म्हणायचं. मग कपाटं. ती उघडतात, आतल्या साड्या आपल्याला बघतात, आपण साड्यांना. मग बाथरूम. तिघं-चौघं दारात दाटीने उभे राहतात, यजमान दिवा लावतो आणि सगळे अत्यंत गंभीरपणे कमोडकडे पाहतात. अशा वेळी ‘प्रशस्त आहे’ याखेरीज काहीही बोलू नये. मी एकदा ‘छान आहे’ म्हणालो होतो, ते थोडं कमी पडलं होतं. त्यानंतर यजमान नळ सोडून पाण्याचा जोर दाखवतो. शेवटी देवघर, तिथे नमस्कार. आणि मग गच्ची.

गच्ची आली की येतात सळया.

सळयांबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून थेट विजापूरला जावं. आपल्याकडे घर पूर्ण झालं असं कुणी म्हणत नाही. स्लॅब पडतो, रंग होतो, वास्तुशांत होते, पण गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या डोक्यातून चार-चार सळया हात-दोन हात वर आलेल्या असतातच. कारण विचारलं की उत्तर एकच : “पुढेमागे वर चढवायचं झालं तर.” गुजरातेत मी त्या पाहिल्या, आंध्रात पाहिल्या, आमच्या कोकणातल्या चुलतभावाच्या घरावर तर त्या त्याच्या मुलाच्या जन्मापासून आहेत, आणि मुलाला आता टक्कल पडलंय. पावसात त्या गंजतात. मग कुणी त्यांना सिमेंटचा लेप देतं, कुणी वर प्लास्टिकची बाटली उलटी घालतं. बहुतेकांच्या घरी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात.

शिखराचा कळस बघून देवळाचा काळ सांगता येतो म्हणतात. मी सळयांवरून कुटुंबाची कुंडली सांगू शकतो. ताज्या, निळसर सळया म्हणजे मुलगा बारावीला. तांबूस म्हणजे मुलगा बाहेरगावी. वाकवून ठेवलेल्या म्हणजे भावाभावांत बोलणं बंद. मंदिराचं शिखर देवाकडे बोट दाखवतं, सळया मुलाकडे. हा सिद्धान्त मी मित्राच्या गच्चीवर, संध्याकाळच्या गरम वाऱ्यात, शेजारच्या कूलरच्या घरघरीत, सगळा त्याला ऐकवला. तो एका सळईवर हात ठेवून उभा होता. त्याच्या सळया चांगल्याच तांबूस होत्या. माझं संपल्यावर तो काहीतरी बोलला. मी म्हणालो, “झकास! मग लवकर उरकून टाक!”

तो गप्प झाला. सिद्धान्त डोक्यात भिनायला वेळ लागतो, असं मी मनात म्हटलं. रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या जेवणावर तो फारसं बोलला नाही. उन्हाचा त्रास.

दुसऱ्या दिवशी विजापूर. दुपार लॉजमध्ये काढली, संध्याकाळी बारा कमान पाहिली. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर. बापाच्या गोल घुमटाला झाकेल अशी इमारत बांधायची असा त्याचा बेत होता, असं सांगतात. १६७२ मध्ये तो वारला तेव्हाही काम अपुरंच होतं. वर छप्पर नाही, नुसत्या काळ्या दगडाच्या कमानी आभाळात उभ्या. मी बायकोला म्हणालो, “बघ, सुलतानाच्या सळया!” मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, ... मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

सकाळी फाटक उघडल्या उघडल्या आम्ही गोल घुमटावर. हा मुहम्मद आदिलशहाचा, १६५६ सालचा. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं करायचं काय? तर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घातल्या, आणि त्यांनी घुमटाचं ओझं हळूहळू भिंतींवर उतरवलं. हे सगळं मी कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढता चढता सांगत होतो. मनोऱ्याला सात मजले आहेत. चौथ्यावर माझे कोपरे संपले, पाचव्यावर कमानी, आणि पुढे नुसता श्वास. बायको न बोलता चढली, त्यामुळे माझ्या आधी पोचली.

घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा म्हणजे तिथलं खरं आकर्षण. इकडे भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे, समोरासमोर, स्पष्ट ऐकू येतं. आणि मोठ्याने बोललेलं सात वेळा घुमतं. मी बायकोला पलीकडे पाठवलं. “भिंतीकडे तोंड कर आणि हळू काहीतरी बोल. दगड बोलतात ते तुला आज कळेल.”

ती पलीकडे गेली. एवढीशी दिसायला लागली. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी भिंतीला कान लावला. दगड गार होता, बरं वाटलं. बाकी शांतता. मी तिच्याकडे बघून जोरजोरात मान हलवली आणि अंगठा दाखवला.

माझ्या शेजारी मिरजेहून आलेल्या एका कुटुंबातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा भिंतीला कान लावून उभा होता. तो म्हणाला, “आजोबा, त्या आजी म्हणतायत, ‘अहो, येतंय का ऐकू?’”

आधी मला ‘आजोबा’ लागलं, मग उरलेलं. मी पुन्हा मान हलवली.

“आता म्हणतायत, ‘नुसती मान हलवू नका.’”

मी हात हलवला.

मुलाने पुन्हा कान लावला आणि जरा वेळ ऐकत राहिला. “म्हणतायत, ‘ऐकू येत नसेल तर कबूल करा. मी काही म्हणणार नाही.’”

“काय?” मी म्हणालो. हा मुलगाही पुटपुटत होता.

“कबूल करा!” तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

करा, करा, करा, असं घुमट म्हणाला. मी मोजलं. सात वेळा. खाली कबरीजवळ उभे असलेले लोक वर बघू लागले. बायको दोन वर्षं जे एकटी सांगत होती, ते आदिलशहाने एकाच दमात सात वेळा सांगितलं, आणि त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

बदामीच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही बोललो नाही. मग मी गाडी एका बाभळीखाली थांबवली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, “सोलापूरला गच्चीवर तो काय म्हणाला होता?”

तिने माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. “म्हणाला, ‘या सळया आता कापून टाकणार आहे. पोरगा तिकडेच घर घेतोय.’”

आणि मी म्हणालो होतो, झकास, लवकर उरकून टाक.

“तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. रात्री. तुम्ही म्हणालात, हो, चटणी फारच सुरेख होती.”

बाहेर ऊन नुसतं उभं होतं. बायको म्हणाली, “हल्ली मी काही सांगतच नाही तुम्हाला. बारीकसारीक गोष्टी असतात हो. एकदा सांगायच्याच लायकीच्या. दुसऱ्यांदा सांगितलं की गंमत जाते. तिसऱ्यांदा सांगितलं की भांडण होतं.”

मला वाटत होतं, वय वाढलं तसं घर शांत झालं. घर शांत झालं नव्हतं. ती बोलायची थांबली होती. दोन वर्षांत कोणती फुलवाली काय म्हणाली, समोरच्यांकडे काय झालं, फोडणी देताना तिला काय आठवलं, यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. बाराव्या शतकातल्या शिल्पकाराच्या मनात काय होतं ते मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत होतो.

बदामीहून मित्राला फोन केला, स्पीकरवर. म्हणालो, “अरे, त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं.” तो थोडं थांबून म्हणाला, “मला वाटलं, तू बरोबर बोललास. कुरवाळत बसण्यापेक्षा उरकलेलं बरं. उद्या कटरवाला येतोय. दोन ठेवतो, दोरी बांधायला.”

त्यानंतरची देवळं मी बरीचशी गप्प राहून पाहिली. ऐहोळेला फक्त दोनदा बोललो. तिथल्या दुर्गा मंदिराचा देवीशी संबंध नाही, ते दुर्गाजवळचं म्हणून दुर्ग मंदिर, हे सांगेपर्यंत बायकोचे हात जोडून झाले होते. “कुठल्याही देवाला पोचेल,” ती म्हणाली. दुसऱ्या एका देवळाला लाडखान मंदिर म्हणतात, कारण लाडखान नावाचा कुणी कधीकाळी तिथे राहत होता. “म्हणजे बांधलं राजाने आणि नाव भाडेकरूचं?” तिने विचारलं. पुण्यात आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. ती बराच वेळ विचारात होती.

तिथल्याच टेकडीवर मेगुती देवळात ६३४ सालचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीचं गुणगान करता करता रविकीर्ती या कवीने आपली कीर्ती कालिदास-भारवीच्या तोडीची असल्याचं नमूद करून ठेवलंय. म्हणजे प्रमाणपत्र लॅमिनेट करणारा मी पहिला नव्हे. त्याने दगडात केलं, एवढंच.

शेवटचा मुक्काम जयसिंगपूरला, बायकोच्या मैत्रिणीकडे. (घर पाहिलं. प्रशस्त आहे.) तिथून खिद्रापूर. कोपेश्वराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि मधोमध छताला मोठा गोल झरोका. खालच्या वाटोळ्या शिळेवर उभं राहिलं की आभाळाचा तुकडा बरोबर डोक्यावर येतो. या शंकराच्या देवळात नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली, तिचं तिथे जे व्हायचं ते झालं, आणि इकडे देव कोपला, अशी कथा. नंदी राहिला नदीपलीकडे यडूरला. नवस बोलायला इथे कानच नाही. हे मी बायकोला सांगितलं, थोडक्यात.

ती वर झरोक्याकडे बघत काहीतरी बोलली. स्वतःशीच हसली.

माझी मान सवयीने हलायला लागली होती. ती मी थांबवली. “काय म्हणालीस? नाही ऐकू आलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग जवळ येऊन, डाव्या कानाशी, तो जरा बरा आहे, पुन्हा सांगितलं :

“देव कोपला-बिपला काही नव्हता हो. नंदीला ऐकू येईना, म्हणून त्याची यडूरला बदली केली.”

दुसऱ्यांदा सांगितल्यामुळे गंमत थोडी गेली होती. उरली होती तेवढी आम्हा दोघांना परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत पुरली.