दाबाच्या ‘किलो’स अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर,
मुक्काम प्रेशर गेजची तबकडी, बॉयलर हाउस.

सा. न. वि. वि.

एक चौरस मीटर क्षेत्रावर एक न्यूटन बल पडले असता होणाऱ्या दाबास ‘पास्कल’ हे नाव देण्याचा निर्णय वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७१ साली घेतला आणि तेव्हापासून आपली गणना केवळ सवयीच्या जोरावर टिकून राहिलेल्या एककांत होते, ही वार्ता आपल्या कानी अद्याप गेलेली दिसत नाही. जर्मनीने १९७८ पासून आपणांस कायदेशीर व्यवहारातून रजा दिली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत मात्र फायरमनपासून मुख्य अभियंत्यापर्यंत ‘बॉयलर एकवीस किलोवर आहे’ असेच बोलले जाते, आणि हे किलो कितीशा जागेवर पडले, ते वातावरणाच्या दाबाच्या वर मोजले की निर्वातापासून मोजले, हे विचारणारा नवखा ठरतो.

आपली खरी करामत अशी की आपण दशमानाच्या वेषात वावरता. किलोग्रॅम दशमान आणि सेंटिमीटरही दशमान, त्यामुळे ज्या सुधारणेने शेर आणि पौंड बाजारातून उठवले, तिने आपणांस सन्मानाने आत घेतले आणि आपल्या पोटात दडलेल्या गुरुत्वाकर्षणाची झडती कोणी घेतली नाही. एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन स्थळानुसार किंचित बदलते, म्हणून १९०१ साली गुरुत्वीय त्वरणाचे प्रमाणमूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग असे ठरवले गेले. त्यास चौरस मीटरमधील दहा हजार चौरस सेंटिमीटरांनी गुणले की आपले खरे मूल्य ९८,०६६.५ पास्कल येते. एक लाख पास्कल म्हणजे एक बार, आणि १,०१,३२५ पास्कल म्हणजे एक प्रमाण वातावरण. या दोघांच्या इतक्या जवळ घर करून आपण कित्येकांचे हिशेब बिघडवले आहेत. कार्यशाळांच्या भिंतींवर ‘१ किलो = १ बार = १ वातावरण = १५ पौंड’ असा तक्ता खुशाल डकवलेला असतो; वास्तविक आपण १४.२२ पौंड प्रति चौरस इंच भरता. हा तक्ता छापणाऱ्यांना बॉयलरच्या झडपेशी नेऊन उभे करावे आणि मग विचारावे की किलो आणि बार यांच्यातले दोन टक्के म्हणजे किती!

कारण दोन टक्क्यांचे मोल अलीकडेच एका कारखान्यात दिसून आले. तेथील जुन्या बॉयलरचे गेज बदलताना किलोपास्कलच्या तबकडीचे नवे गेज आले, आणि अनुज्ञेय कमाल दाबाची लाल रेघ कोठे ओढावी असा प्रश्न पडताच भांडारातील कोणीतरी एकवीसला शंभरने गुणून २,१०० वर मार्कर टेकवला. एकवीस किलो म्हणजे २,०५९ किलोपास्कल; सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे मर्यादा ओलांडताच वाफ बाहेर सोडणारी झडप, मात्र जुन्या बांधणीप्रमाणे एकवीसलाच बसवलेली होती. साहजिकच काटा रेघेच्या अलीकडे असतानाच झडप उडू लागली आणि सर्वांनी एकमुखाने झडपेलाच सदोष ठरवले. तिची स्प्रिंग आणखी आवळावी, असा सल्लाही तत्परतेने पुढे आला. त्या संपूर्ण बॉयलर हाउसमध्ये खरे बोलणारी वस्तू एकच होती आणि तिचाच गळा आवळण्याची तयारी सुरू होती. असल्या निष्काळजीपणाला सवय म्हणून पाठीशी घालणे हा शुद्ध गुन्हा आहे.

तरीही न्यायाने हे मान्य करावे लागते की दोष सर्वस्वी आपला नाही. नखाएवढ्या जागेवर एक किलोचे वजन ठेवले तर काय होईल हे कोणालाही कळते. उलट पास्कल इतका क्षीण की टेबलावर पडलेला छपाईचा साधा कागददेखील जेमतेम ०.८ पास्कल दाब देतो, आणि त्याच्यामागे किलो किंवा मेगा लावल्याखेरीज त्याला बॉयलरजवळ उभे राहता येत नाही. ज्या कामगाराने तीस हंगाम काट्याकडे पाहून भट्टी सांभाळली, त्याला एका सकाळी परकी तबकडी देऊन शिकवण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि आपल्यालाही निरोपाचा नारळ देण्याइतके सौजन्य दाखवले नाही. गुपचूप हटवले गेलेले आपण मग मार्करच्या रेघेत परत आलात, यात नवल ते काय?

आपणांस विनंती एवढीच की जाताना आपला ०.९८०६६५ हा बारमधला गुणक तबकडीवर ठेवून जावे, म्हणजे पुढची रेघ ओढणाऱ्याचा हात थोडा थांबेल.

कळावे. लोभ पुष्कळ आहे, तो वाढू नये.

ता. क. शेजारचे पौंड प्रति चौरस इंच यांना स्वतंत्र पत्र धाडलेले नाही. टायरमध्ये ‘बत्तीस हवा’ भरणारा त्यांना सोडणार नाही हे खरे. पण त्यांचा ६.८९५ हा गुणक इतका अडनिडा आहे की किलोपास्कल काढायचे तर हिशेब मांडावाच लागतो, आणि म्हणून त्यांच्या हातून घात कमी होतो. पाऱ्याच्या मिलिमीटरचे तर आणखीच विलक्षण आहे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर दवाखान्यांतून पारा निघून चालला, तरी रक्तदाब अजून १२०-८०च सांगितला जातो, आणि तो १६ व १०.७ किलोपास्कल असा सांगणारा डॉक्टर रुग्णाला घाबरवूनच सोडील.